ताईचे सात प्रवास

ताई,

मावशीकडे जायचं तिकीट काढायला तू तुझं बुकिंगचं खातं उघडून दिलंस. एक विमान स्वस्त, पण शहरापासून तासभर लांब उतरवणारं. दुसऱ्यात बॅगेचे पैसे वेगळे. तू कुठलं घेतेस ते बघायला जुने प्रवास उघडले. वर्षात सात वेळा बाबांच्या शहरात? आणि मला सांगत होतीस, "त्यांना आपलं तोंडही बघायचं नाही"!

मावशीला तूच कळव. मी बाबांकडे निघालेय, बॅगेशिवाय. सामान कोंबायला तुझं खिसेवालं जॅकेट घेतलं, तर आत एक किल्ली सापडली. तिला बाबांच्या अक्षरातला पत्ता बांधलेला.

पत्ता लिहून घेतलाय. किल्ली तुझ्या उशीवर ठेवलीय. मी बेल वाजवणार आहे.