को माल-सुनचा निळा ट्रक

आणि तरीही, आई, तू फोनवर म्हणालीस, "अरे, नुसती मालिका होती ती, सोड की आता." मी सोडायचं, आणि तू मात्र दुकानावरची "पडद्यावरच्या आईची सुकी मासळी" ही पाटी पाच वर्षं काढायची नाहीस. म्हणून आता कागदावर लिहितो. फोनसारखा कागद मध्येच ठेवून देता येत नाही.

आधी कायद्याचं. मी, बांग सुक-चोल, वय सव्वीस, धंदा खलाशी, राहणार सामचोनपो बंदर, सुक्या मासळीच्या बाजारामागे, आई को माल-सुन हिच्या घरी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, दोन दिवसांत दारूचा थेंब पोटात नाही आणि कोणी दटावून हे लिहून घेत नाही. बोटीचा स्वयंपाकी जू काका म्हणतो, मृत्युपत्र सगळं स्वतःच्या हाताने लिही, पत्ता राहिला तर कागद रद्दी. मी शाळा अर्ध्यात सोडलेला, चुका होतील. मंगळवारी ओढीची दोरी तुटली आणि गळ माझ्या कानाला चाटून गेला, म्हणून हे आजच लिहितो.

कलम एक. माझे रबरी बूट सुगेंगला द्यावेत. त्याचे गळतात, पण तो इंडोनेशियाहून आलेला नवखा, तक्रार करत नाही. सुरी जू काकाला. धार नाही म्हणून तो कुरकुर करेल, करू द्यावी.

कलम दोन. दुकानात खिळ्याला टांगलेलं अॅल्युमिनियमचं घमेलं मालिकेच्या लेखिका प्यो बाईंना परत पाठवावं, त्यांनीच ते चित्रीकरणानंतर भेट दिलं होतं. पाठवणीचा खर्च माझ्या पैशातून.

याचं कारण लिहिणं भाग आहे. मालिकेतली आई हे घमेलं डोक्यावर घेऊन बर्फातून मासळी विकते. तू आयुष्यात घमेलं डोक्यावर घेतलं नाहीस. तुझ्याकडे निळा एक टनी ट्रक होता. बाबा गेल्यावर एकोणपन्नासाव्या वर्षी तू गाडी शिकलीस, अकराव्या खेपेला परवाना मिळाला, आणि पूर्व किनाऱ्याने गावोगाव सुके बोंबील विकत निघायचीस. आठ-आठ दिवस. मला भाताचा कुकर लावता यायचा, मी काही मेलो नाही. प्यो बाई नऊ दिवस त्याच ट्रकात तुझ्या शेजारी बसल्या, सगळं वहीत उतरवून घेतलं. तूही भडाभडा बोललीस. आजोबांनी "आता मुली पुरे" म्हणून तुझं नाव शेवटची या अर्थाचं ठेवलं, इथपासून. आणि हेही, की "सकाळी उठल्यावर पहिली पाच मिनिटं मी कुणाचीच आई नसते. तेवढी मला लागतात." मी मागे खोक्यांवर बसलो होतो. प्यो बाईंनी पेन थांबवून तुझ्याकडे पाहिलं होतं. त्यांचा फोन वाजला की त्या ट्रकाच्या मागे जाऊन लेकीला सांगायच्या, "आई कामात आहे, आजीला त्रास देऊ नको." मला वाटलं, ही बाई लिहील बरोबर.

लिहिलं काय? तुझं रडणं दिलं गरीब आईला. ती स्वतः माशाचं डोकं चघळते, मुलाला मांस देते आणि शेवटी यकृताचा तुकडा देऊन मरते. आणि तुझी गाडी, तुझं हसणं, तुझी ती पाच मिनिटं दिली त्या श्रीमंत सासूला, जी पाकीट टेबलावर सरकवून सुनेला घालवून देते. तिने आरशासमोर ओठ रंगवत तुझंच वाक्य म्हटलं आणि मागे साप निघाल्यासारखं संगीत वाजलं. शेवटच्या भागात तिला पावसात गुडघ्यांवर बसवली.

ते पाच मिनिटांचं वाक्य आलं तो भाग आपल्याच दुकानात सगळ्या जणींनी मिळून पाहिला. आत्या ओरडली, "मेली! पोर तापाने फणफणलंय आणि हिला पाच मिनिटं हवीत!" शेजारची बाई म्हणाली, "असलीला आई कोण म्हणेल?" आणि तू, आई, बोंबील सोलता सोलता म्हणालीस, "निर्लज्ज आहे झालं."

लेखिकेने फसवलं, ते मी समजू शकतो, तिचं पोट त्यावर. पण वाक्य तुझं होतं. तूही शिवी घातलीस.

कलम तीन. यात माझाही गुन्हा लिहून ठेवतो. मला तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकायचं होतं. मालिका बघून आलेली गिऱ्हाइकं तुझा हात हातात घेऊन रडत होती, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पडद्यावरच्या आईने यकृत दिलं, तू साधा ट्रक देणार नाहीस?" बायका हसल्या. आत्या म्हणाली, "देईल की! आईला काय लागतं?" दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या ताटाशेजारी होती. तू म्हणालीस, "घे. आईला काय लागतं?" तेव्हा तुझ्या तोंडून तू बोलतच नव्हतीस. मला कळलं होतं, तरी मी किल्ली उचलली. ट्रक विकून टाकलेलं दुकान आठ महिन्यांत बुडालं.

कलम चार. माझ्या वर्षश्राद्धाला आईने स्वयंपाक करू नये. ज्या पुरुषांना नमस्कार घालायचा असेल त्यांनी आपापली धिरडी तळून आणावीत. आत्याला यात बोलायचा हक्क नाही, माझ्या चीजवस्तूंतही नाही.

कलम पाच. माझ्या वाढदिवसाचं, बाळंतिणीला देतात तेच, समुद्रशेवाळाचं सूप दरवर्षी आईनेच प्यावं, आणि दुसऱ्या कोणी करून द्यावं. त्या दिवशी कळा तिने सोसल्या, मी फक्त बाहेर आलो.

कलम सहा. बाकी जे काही निघेल ते को माल-सुन हिचं, माझी आई म्हणून नाही, त्या ट्रकाची मालकीण म्हणून. त्यातून ट्रकच घ्यावा, निळा नसला तरी चालेल. पैसे माझ्या लग्नासाठी ठेवलेस तर मी लग्नच करणार नाही. पाटी उतरवून फळी ट्रकात खोक्यांखाली घालावी.

साक्षीदार: जू योंग-बे, बोटीचा स्वयंपाकी. म्हणतो, त्याच्याही आईला ती मालिका फार आवडली, त्याने तिला कधी विचारलंच नाही का ते.
सुगेंग, खलाशी. त्याने आपल्या लिपीत सही केली आहे.

माझी सही आणि अंगठा. शाई नव्हती, इंजिनाचं तेल लावलं आहे.
दक्षिण पॅसिफिक समुद्र, १७ मार्च २०१९.

ता. क. जू काका म्हणतो, मृत्युपत्रातलं सगळं मेल्यावरच मिळतं. कलम सहाला तेवढा धीर नाही. कालच बोटीवरून निरोप पाठवला आहे, एजंटच्या कचेरीतून पैसे सोमवारी तुझ्या खात्यात येतील. पहाटे उठलीस की आधी तुझी पाच मिनिटं घे, मगच बँकेत जा. ट्रक विकून आले होते तेवढेच आहेत, नव्वद लाख वॉन.