सुभेदाराची भावकी

देवणी,
२५ ऑगस्ट २०२५

चि. शिल्पा हिस,
हिम्मतमामाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोन लावला की तुझी मामी शेजारी येऊन बसते, म्हणून कागद घेतला. पोळा चांगला झाला. आपल्या सुभेदाराला यंदाही लोक थांबून थांबून बघत होते. नऊ वर्षांचा वळू, पण ऐट अजून तीच.

वाईट बातमी अशी, की मागल्या आठवड्यात आणखी एक वासरू गेलं. हे तिसरं. जन्मतं तेव्हा धड दिसतं, पण पाय लटपटतात, सड तोंडात धरत नाही आणि दोन दिवसांत संपतं. तिन्ही ओमकारच्या लग्नानंतरची. त्यामुळे तुझ्या मामीच्या मनाने घेतलंय, की हा सूनबाईचा पायगुण. मी तसलं काही मानत नाही. पण घरात रोजची धुसफूस नको, म्हणून प्रणिताला थोडे दिवस हैदराबादला, हिमायतनगरात आईकडे पाठवलंय. ओमकार ताटावर बसतो आणि अर्ध्यावर उठतो.

स्थळ तूच सुचवलेलं, मुलगी तुझीच मैत्रीण, म्हणून कानावर घातलं. तिला भेटून ये. तुझं गाईंवरचं संशोधन कुठवर आलं? डॉक्टरीण झाल्यावर मामाला ओळख दाखवशील ना?

मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
हिम्मतमामा


नारायणगुडा, हैदराबाद,
१ सप्टेंबर २०२५

ती. मामांना,
शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

माझं शिक्षण मराठीत झालेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाला. रागाने लिहिलंय ते मात्र चूक समजू नका.

प्रणिताला भेटून आले. गाय व्यायच्या वेळी तिला गोठ्याच्या दारातही उभं राहू दिलं नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ती म्हणते, कुठली गाय गाभण आहे एवढं ऐकलं तरी मी दिवस मोजायला लागते. तिची आई रोज विचारते, न्यायला कोण आणि कधी येणार. मामी मानतात, त्यांचं एक वेळ समजू शकते. पण न मानणाऱ्या माणसाने तिला बसमध्ये बसवून दिलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता कामाचं. देवणी गाईंची आपसातली नाती, हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे. मला सुभेदाराचे, त्या तीन गाईंचे आणि गाभण कवडी गाईचे शेपटीचे केस पाठवा. कापून नाही, मुळासकट उपटून. सरकारी डॉक्टरांकडून रक्तही काढून घ्या, म्हणजे काही रोग असेल तर कळेल.

रागावले तरी भाची तुमचीच.
शिल्पा


देवणी,
८ सप्टेंबर २०२५

चि. शिल्पास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घास गोड लागला नाही. केस आणि रक्त घेऊन ओमकार येतोय. केस उपटताना सुभेदाराने त्याला लाथ घातली. बायकोला जाऊ दिलं, त्याबद्दल ती त्याला मिळायलाच हवी होती. माझी बाकी आहे.

काय निघेल ते लपवू नकोस.
हिम्मतमामा


नारायणगुडा, हैदराबाद,
६ ऑक्टोबर २०२५

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी सुखाची बातमी. गाईंना कुठलाही रोग नाही.

आता दुसरी. सुभेदार त्या तिन्ही गाईंचा बाप आहे, आणि मेलेल्या वासरांचाही. रक्त शुद्ध राहावं म्हणून तुम्ही ना बाहेरचा वळू येऊ दिलात, ना रेतनाचं इंजेक्शन. इतक्या जवळच्या नात्यात बापाकडचा आणि आईकडचा एकच लपलेला दोष वासरात एकत्र येतो. त्याच्या लेकी वयात आल्या आणि ओमकारचं लग्न झालं, हे एकाच सुमाराला घडलं, एवढाच काय तो योगायोग. माझ्या गाइड सत्यवती मॅडम म्हणाल्या, नेमका दोष शोधायला वेळ लागेल, पण कारण हेच, यात त्यांना शंका नाही.

मामा, देवक एक निघालं म्हणून ओमकारची दोन चांगली स्थळं तुम्ही परत पाठवलीत. प्रणिताच्या घरच्यांची भावकी पार पणज्यापर्यंत विचारलीत. आणि गोठ्यात मात्र लेकींची लग्नं बापाशीच लावत बसलात!

यापुढे परक्या देवणी वळूचं रेतन करून घ्या. सुभेदाराला विकू नका, त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं होतं? पण एक गोष्ट नीट ऐका. कवडीही त्याचीच लेक आणि तिच्या पोटातलं वासरूही त्याचंच. ते जगेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. प्रणिताला आणणार असाल तर हे मामींना आधी सांगा. ते जमणार नसेल तर तिला आणूच नका.

तुमचा आशीर्वाद असाच पाठीशी राहो.
शिल्पा


देवणी,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. शिल्पास,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. मग हसू आलं, मग लाज वाटली. मामीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, कवडीचं तर तीनदा. ती म्हणाली, म्हणजे हे आपणच केलं. मी म्हटलं, तू नाही, मी केलं. तिला पटलं की नाही, देव जाणे. मारुतीच्या पारावर जाऊनही मी सगळं सांगून आलो, कारण पायगुणाची चर्चा तिथेही झाली होती. लोक हसले. हसू देत.

गुरुवारी आम्ही दोघं प्रणिताला न्यायला येतो. तुझी मामी म्हणते, बेगम बाजारात दिवाळीची खरेदी आहे. खरेदी हे निमित्त, हे तुला सांगायला नको.

पोरी, तू माझं घर राखलंस.
हिम्मतमामा


देवणी,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिल्पास,
प्रणिताचा स. न. वि. वि.

सासूबाईंनी हिमायतनगरला येऊन माफीबिफी मागितली नाही. बेगम बाजारात बडीशेप निवडता निवडता म्हणाल्या, की घरी चल. मी हौ म्हटलं. पण भीती कुठे गेली होती? कवडीचे दिवस भरत आले तशी मी लई परेशान झाले.

परवा दुपारी ती व्यायली. मी आपणहून स्वयंपाकघरातच थांबले, तर सासूबाईंनी हाक मारून बोलावून घेतलं. शिल्पा, वासराचे पाय तसेच लटपटत होते. ओमकारने बाटलीने चीक पाजून बघितला, पण काल सकाळी ते गेलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. आता सगळे माझ्याकडे बघणार, असं वाटत होतं. कोणी बघितलं नाही. तुझे मामा सुभेदारापुढे मान खाली घालून उभे होते, ओमकार खोरं आणायला गेला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, की कवडी हंबरतेय, तिला एकटं ठेवू नये, तू बस तिच्याजवळ. मी बसले. वासरासाठी रडले, आणि खरं सांगते, सुटले म्हणूनही रडले.

तेवढ्यात शेजारच्या सावित्रीबाई आल्या. मला गोठ्यात बघून सासूबाईंना हळूच म्हणाल्या, की सून परत आली आणि लगेच हे झालं. सासूबाईंनी आवाज अजिबात खाली न आणता त्यांना सांगितलं, की बाई, सून बाहेरून आणली, तेवढं एकच शहाणपण आम्ही केलं. वळूही बाहेरचाच आणायला हवा होता.

लोभ आहेच, तो माझ्या वाट्याचा वेगळा राखून ठेव.
तुझी,
प्रणिता