खाडीपलीकडची लापशी

हार्वॉय,
८ डिसेंबर १९६३

ती. सौ. सिग्नीताईस तोर्लाइफचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दिवस भरत आले आहेत, तेव्हा बर्फावरून जपून चाल आणि खिळ्यांचेच बूट घाल. भावोजींना बजावून सांग.

इकडचं काय लिहू? नव्या वर्षापासून आपल्या बेटाची पालिका उरणार नाही, तुमच्या मॉलसुंड शहरात विलीन होणार. सभेत मतं समसमान पडली आणि शेवटचा हात बाबांचा, शहराच्या बाजूने वर गेला. आई गेली त्या रात्री डॉक्टर बोटीअभावी तुमच्या काठावरच अडकला होता. आता शहराने डॉक्टरची बोट कबूल केली आहे. पण बाबा सभेत आईचं नावही बोलले नाहीत. चर्चमध्ये हल्ली आमच्या बाकावर आम्ही दोघेच असतो. शेजारच्या गुनहिल्डकाकू दुकानात सर्वांदेखत म्हणाल्या की, याच्या आजोबांनी अध्यक्ष होऊन जे सांभाळलं, ते यानं फुकटात देऊन टाकलं.

मला घोर वेगळाच आहे. हार्वॉयची लेक कुठेही बाळंत होवो, शेजारणी तिच्यासाठी सायीची लापशी घेऊन जातात. तुला कोणीच आणली नाही तर? मी स्वतः करून पाहिली. खाली लागली. बाबांनी ती निमूट खाल्ली, यावरून त्यांची अवस्था समज.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो काठ बदलला तरी राहू दे.

तुझा,
तोर्लाइफ


मॉलसुंड,
९ जानेवारी १९६४

चि. तोर्लाइफ यास सिग्नीताईचे अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली! आईचंच नाव ठेवतोय, इंगेबोर. आता काळजी करायला तुला नवीन माणूस मिळालं.

मंगळवारच्या बोटीने कोण आलं असेल? गुनहिल्डकाकू! नक्षीचा लाकडी डबा दोन लोकरी शालींत गुंडाळलेला. खिडकीतून शहर बघून म्हणाल्या, या धुराड्याला जोडलंय होय आम्हाला! मी भीतभीत विचारलं की, बाबांवरचा राग गेला का? तर म्हणाल्या, मुळीच नाही. मत तुझ्या बापाने दिलं, पोर तू जन्माला घातलंस. गप खा.

मग मी त्यांना सांगितलं की, बाबांनी हात वर केला तो डॉक्टरच्या बोटीसाठी, आईच्या आठवणीने. काकूंनी डब्याची एक शाल सोडून बाळाभोवती गुंडाळली. जाताना डबा मुद्दाम ठेवून गेल्या. परत द्यायला बाबांनीच यायचं, तू नाही, असं बजावलं आहे. डबा बोटीने पाठवते. तो रिकामा परत जात नाही, हे तुला सांगायला नकोच.

बाबांना आणि तुला बाळाचा मुका.

तुझी,
ताई


हार्वॉय,
२० जानेवारी १९६४

ती. सौ. सिग्नीताईस सा. न. वि. वि.

परवा सकाळी बाबांनी दोनदा दाढी केली. डब्यात धुरी दिलेलं मटण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. काकूंच्या दाराशी नुसतेच उभे राहिले, हात काही वर जाईना. शेवटी काकूंनीच दार उघडलं. त्यांचा आवाज आपल्या अंगणापर्यंत आला. म्हणाल्या, अरे मुखदुर्बळा, हे तेव्हाच का नाही बोललास? मी भांडले असतेच, पण एकटं नसतं पाडलं. ये आत, कॉफी निवतेय.

काल चर्चमध्ये घंटा झाली तरी बाकावर आम्ही दोघेच होतो. मग काकू आल्या, बाबांना कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, सरक जरा.

आता आपण एकाच पालिकेतले झालो, म्हणून पत्रं लिहायची थांबू नकोस.

तुझा,
तोर्लाइफ