कॉर्विन, सोबत एक

३ ऑक्टोबर, डुलुथ

पोहोचलो, आणि तेही भर दुपारी. हे मुद्दाम लिहिते, कारण हे तिघे आजवर एकाही गावात उजेडात पोहोचलेले नाहीत म्हणे. तेहेतीस वर्षं शाळेत संगीत शिकवून मी निवृत्त झाले आणि आता बासष्टाव्या वर्षी माझ्या भाचीच्या, मारेनच्या, बँडची व्यवस्थापक आणि ड्रायव्हर झाले आहे. मारेनने फोनवर विचारलं, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. सरोवरावर ऊन सुरेख पडलंय. ओडेल, आमचा ड्रमवाला, बिनबाह्यांच्या बनियनवर फिरतोय.

जेवणाच्या टेबलावर नियम वाचून दाखवले. व्हॅन अशी लावायची की मागचं दार भिंतीला टेकलं पाहिजे, म्हणजे चोराला ते उघडताच येणार नाही. वाद्यं थंडीत गाडीत राहणार नाहीत. खोलीत आधी गिटार जाईल, मग माणूस. रोज एक वेळ गरम जेवण, आणि ते पेट्रोल पंपावरचं नाही. प्रत्येकाला दिवसातून एक तास एकट्याचा, त्या तासात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. गिटार वाजवणारा रूबेन म्हणाला, "हेडबाई, बाथरूमला जायचं तर हात वर करायचा का?" मी म्हटलं, करायचा, आणि आल्यावर धुवायचा. तिघंही हसली. जमेल आमचं.

५ ऑक्टोबर, बेमिजी

वेळेवर पोहोचलो, आवाजाची चाचणी वेळेवर झाली, कार्यक्रमही छान झाला. मारेन गायला लागली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. ती नऊ वर्षांची असताना तिला सूर मीच लावायला शिकवला होता.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. कार्यक्रमाला चार माणसं फुकट बोलवायची कलाकारांना मुभा असते. त्यांची नावं दारावरच्या यादीत लिहायची. माणूस आला की दारावरचा खूण करतो. मारेन रोज पहिलं नाव कॉर्विनचं लिहिते. कॉर्विन त्यांच्यात बास वाजवायचा. दोन हिवाळ्यांमागे तो माइल्स सिटीच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्या सकाळी तो सामान घेऊन पुढे निघाला होता. मारेनला म्हणाला, चल ना सोबत, एकट्याला डुलकी लागते. तिला झोपायचं होतं, बाकीच्यांबरोबर मागून येते म्हणाली. बर्फात गाडी रस्त्याखाली गेली, तो दुसऱ्या दिवशी सापडला. तेव्हापासून यादीत त्याचं नाव आणि पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची.

मी नियम तेवढा वाढवला: कुणीही एकट्याने गाडी चालवायची नाही, आणि शेजारी बसणाऱ्याने डोळे मिटायचे नाहीत.

यादी परत घेतली तेव्हा कॉर्विनच्या नावापुढे खूण होती. दारावरच्या बाईंनी पोरीचं मन राखलं असणार.

७ ऑक्टोबर, फार्गो

सकाळी कपडे धुतले. दौऱ्यावर हे दर चौथ्या-पाचव्या दिवशी झालंच पाहिजे. मोज्यांच्या वासावरून मोडलेले बँड मला माहीत आहेत.

यादीत पुन्हा खूण. या वेळी मी दारावरच्या दाढीवाल्याला गाठलं आणि असली थट्टा शोभत नाही म्हणून सुनावलं. तो गोंधळला. "थट्टा कसली, बाई? उंच माणूस आला, नाव सांगितलं, मी खूण केली." जाकिटावर बर्फ होता म्हणाला. त्याला वाटलं, डोंगरातून आला असेल.

आज फार्गोत लोक अर्ध्या बाह्यांनी फिरत होते.

अपघाताची बातमी वाचून कुणी टवाळ मागे लागला असेल. असले मी वर्गात पुष्कळ सरळ केलेत. मारेनला सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, जेम्सटाउन

आज यादीत लिहिलं होतं: कॉर्विन, सोबत एक.

"सोबत एक" हे अक्षर मारेनचं नव्हतं. दारावरच्या मुलीने सांगितलं, ते तिनेच लिहिलं. त्याने फार अदबीने विनंती केली. सोबत कोण आहे, दिसत नाही, असं तिने विचारलं. तो म्हणाला म्हणे, ती आतच आहे. आम्ही जाताना बरोबर जाऊ.

मारेन शेवटचं गाणं त्या खुर्चीकडे बघून गायली. आवाज बसलाय. कोमट पाणी, मध, आणि कुजबुजणं बंद. कुजबुजीने गळा बोलण्यापेक्षा जास्त खराब होतो. तिचा हात धरला तर बर्फासारखा. ओडेलने विचारलं, "काय गं, फ्रिजमध्ये बसली होतीस का?" तिला हसू आलं नाही. म्हणाली, माइल्स सिटीला मी जरा आधी निघाले तर चालेल का, मावशी?

चालणार नाही, असं सांगितलं.

११ ऑक्टोबर, बिस्मार्क, सकाळ

उजाडताना इंजिनाच्या आवाजाने जाग आली. व्हॅन सुरू. मारेन चालकाच्या जागेवर, अनवाणी. किल्ली माझ्या उशीखाली होती— अजूनही तिथेच आहे, आत्ता पाहिली.

शेजारचं दार उघडं. सीट ओली.

मी तिला दंडाला धरून खाली ओढलं. ती शांतपणे म्हणाली, त्याला डुलकी लागते, मी फक्त माइल्स सिटीपर्यंत सोबत करते. मग भानावर आली आणि रडली.

मुलांना सगळं सांगितलं. रूबेनची थट्टा बंद झाली. ओडेल म्हणतो, सगळे कार्यक्रम रद्द करून घरी जाऊ. मारेन म्हणाली, "घरी गेलो तर तो घरी येईल. तिथे यादी नसते."

तिचं बरोबर आहे. तो दर वेळी दारावर थांबतो, नाव सांगतो, खूण झाल्यावरच आत येतो. म्हणजे त्याला परवानगी लागते. जो परवानगी मागतो त्याला नाही म्हणता येतं, आणि नाही म्हणायचा मला तेहेतीस वर्षांचा सराव आहे.

आज कार्यक्रम नाही; उद्यापासून यादी मी लिहिणार. दारावर मी उभी राहणार.

मारेनला विचारलं, गाशील का? म्हणाली, गाईन. अशी हवी.

१२ ऑक्टोबर, माइल्स सिटी, दुपार

ती जागा ओलांडली. मारेन मागे, दोघांच्या मध्ये. दोघांनी तिचे हात धरलेले. तिघंही मोठमोठ्याने गात होती, भीतीच्या नाकावर टिच्चून. रस्ता कोरडा, आकाश निळं.

माझ्या शेजारची सीट रिकामी होती. तिचा पट्टा लावलेला होता.

मी गाडी थांबवली नाही.

संध्याकाळ, सहा

यादी कोरी ठेवली. फुकट पाहुणे कुणी नाहीत. पहिल्या रांगेतली खुर्ची मीच उचलून अडगळीत टाकली. मागचं दार ओडेलने आतून लावलंय, मी ओढून पाहिलं. उरलं हे एकच. इथे स्टूल टाकून बसले आहे. दारावरच्या माणसाला कॉफीला पाठवलं.

सात

शेवटचे लोक आत गेले. मारेनने सुरुवात केली. आवाज भिंतीतून येतोय. स्वच्छ, मोकळा. गेल्या आठवड्यात असा लागला नव्हता.

सात वाजून दहा

आला. पायरीवर उभा आहे. लिहीत राहते, त्याच्याकडे बघायला नको— जाकिटावर बर्फ आहे. वितळत नाही.

नाव सांगितलं. मी म्हटलं, यादीत नाही.

बघा, म्हणाला. मी पाहिलं. कागद कोराच आहे. तसं सांगितलं.

तो गेला नाही. मीही हलले नाही.

सव्वा सात

म्हणतो, माझी सोबत आत आहे. मी म्हटलं, तिला काम आहे. आज काम आहे, उद्या काम आहे, पुढचे अकरा कार्यक्रम काम आहे, आणि दर दारावर मी आहे.

थंडी— बोटं वळत नाहीत. आत टाळ्या. दुसरं गाणं.

त्याला सांगितलं, गेलास त्याचं वाईट वाटतं, बाळ. खरंच वाटतं. पण पोर मिळणार नाही.

सात पंचवीस

त्याने मग विचारलं, तुम्ही गाडी चालवता ना. शेजारी बसून झोपत नाही ना.

नाही, म्हटलं. कधीच नाही.

मग आत जायची गरजच नाही, म्हणतो.

कागदावर— मी लिहिलेलं नाही— सोबत एक. पुढे खूण.

ठीक आहे. कुणाची तरी सोबत त्याला हवीच होती. तिची नाही, माझी झाली.

पण गाणं संपेपर्यंत उठणार नाही, हे त्याला बजावलंय. थांब म्हटलं. पायरी उतर आणि थांब. उतरला. उतरला खरा. तिसरं गाणं. आवाज काय लागलाय पोरीचा, वरच्या सुराला जराही—