आज मी एकटीनं विमान उडवलं

बाबा, आज सकाळी मी एकटीनं विमान उडवलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. तीन फेऱ्या झाल्यावर शिकवणारे सर खाली उतरले, दार लावलं आणि बाहेरून अंगठा दाखवला. शेजारची सीट रिकामी, वजन कमी. विमान असं झपकन वर गेलं की मी मोठ्यानं हसलेच!

प्रवेशाच्या वेळी इथं सगळ्यांना विचारलं होतं, पायलट का व्हावंसं वाटलं? कुणाचे मामा हवाईदलात, कुणी लहानपणीच विमानात बसलेलं. मी तेलंगणातल्या आपल्या बोथ गावच्या शाळेचं मैदान सांगितलं. मी दहा वर्षांची आहे. मंत्री येणार, धूळ उडू नये म्हणून तुम्ही आपल्या वांग्यांच्या वाफ्यातला पाइप आणून सकाळपासून मैदान भिजवताय. हेलिकॉप्टर टेकतं, टोप्या उडतात, आणि मी दोरीखालून धावत सुटते. तुम्ही वेणी धरून मागं ओढता. "पंखा फिरून राह्यला अजून! मुंडकं पाहिजे का नाही तुले?" मी रडवेली. पंखा थांबतो, आणि पुढच्या दारातून हेल्मेट काढत एक बाई उतरते. "अवं, हे तं बाईनं आणलं!" तुम्ही पाइप तसाच सोडून देता.

मंत्री सभेला गेले, आणि तहसीलच्या शिपायासमोरही मान खाली घालणारे तुम्ही थेट त्या बाईंपुढे जाऊन उभे राहिलात. "मॅडम, मेरी बेटी को ये सीखने का है. उसके लिए क्या क्या लगता?" मी तर तोंडातून शब्दही काढला नव्हता! बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गणित पक्का करो. बाकी हम सिखा देते हैं."

त्याच संध्याकाळी तुम्ही बाजारातून गणिताचं गाइड आणलंत, दुकानातलं सगळ्यात जाड. तेलुगू तुम्हाला वाचता येत नव्हतं. गाइड निघालं दहावीचं, मी पाचवीत. "जाड हाये, लय दिवस पुरंल," म्हणालात. मी पाच वर्षं त्याला नवनवी कव्हरं घातली आणि दहावीला शेवटच्या पानापर्यंत सोडवलं. निकालाच्या दिवशी तुम्ही या जगात नव्हतात.

हा कागद माझ्या वहीतच राहील. तेव्हा एक कबूल करून टाकते. आज उतरताना धावपट्टी भसकन अंगावर आली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते "माय वं!" तुमची आठवण विमान थांबल्यावर आली.