आरतीच्या कॅसेटची दुसरी बाजू

अप्पा, रविवारी इथे बुऱ्हाणपुरात, लालबागच्या हॉलमध्ये तुमच्या नातीच्या लग्नाचं संगीत आहे आणि पहिलं गाणं मी एकटी नाचणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. "मम्मी, फर्स्ट एन्ट्री तुझीच, अब ना मत बोलना," असं तिने ठरवून टाकलं. गाणी मात्र मी निवडली. डीजेवाला यादी वाचून म्हणाला, "आंटी, ये पुराना अंग्रेजी माल, इसपे कौन नाचेगा?" म्हटलं, "मैं नाचूँगी. तू फक्त आवाज कमी करू नको."

ही तीच गाणी आहेत, ज्यांच्यासाठी तुम्ही मला कॉलनीभर फिरवलंत. तेव्हा मी नववीत होते. कागदाच्या मिलच्या कॉलनीतल्या मराठी घरांचा गणपती, मांडव तुमच्याकडे, टेपरेकॉर्डर तुमचा आणि आरत्यांची कॅसेटही तुमचीच. मैत्रिणीचा मामा कुवेतहून डिस्कोच्या कॅसेट घेऊन आलेला. मला ती गाणी हवी होती आणि तुमच्याकडे कोरी कॅसेट मागण्याची माझी टाप नव्हती. विकतच्या कॅसेटवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून मागच्या कडेला खाच असते. ती मी मिलच्याच कागदाचा बोळा कोंबून बुजवली. एका बाजूला आरत्या, दुसऱ्या बाजूला कुणी कधी न लावलेली भजनं. ती दुसरी बाजू मी भरून घेतली, आणि आपल्या हुशारीवर फार खूश झाले.

त्या संध्याकाळी आरत्या संपल्या तरी प्रसादाची रांग संपेना, म्हणून शेजारच्या काकांनी हौसेने कॅसेट उलटवली. कर्ण्यातून आधी नुसता बेस घुमला, मग टाळ्या, मग एक बाई इंग्रजीत अशी काही ओरडली की भटजींच्या हातातलं तबक कललं. पळून जायचं सोडून मी प्रसादाची वाटी हातात धरून नाचायला लागले. कसं झालं ते मलाही कळलं नाही, पण मांडवात त्या वेळी माझ्याइतकं आनंदी कोणी नव्हतं. तुम्ही धावत आलात. "बंद कर ते! काय करू राह्यली तू गणपतीपुढं? पुन्हा नाचताना दिसली तं शाळा बंद!" दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीवरून आलात, हातपाय धुतलेत आणि मला घेऊन घरोघर माफी मागत हिंडलात. प्रत्येक दारात मी वाकायचं आणि तुम्ही म्हणायचं, "पोरगी वाया नाही गेली, चुकली फक्त." काकूंनी हातावर साखर ठेवायची. अकरा घरं झाली. साखर नकोशी झाली होती.

माफी कॅसेटसाठी असती तर मी आनंदाने मागितली असती, भजनं मी पुसलीच होती. नाचण्याची माफी मात्र मी मनातून मागितली नाही, आजही मागत नाही. तुम्ही त्या गाण्यांना वाह्यात म्हणालात. मिलमधल्या मशीनचा आवाज जरा बदलला की कागद तुटणार, हे तुम्ही उभ्या उभ्या ओळखायचात; असा कान असलेल्या माणसाला तो बेस ऐकूच आला नाही, हे मला पटत नाही. यादीतलं दुसरं गाणं फंकचं. त्यात गिटारवाला तारा छेडत नाही, खवणीवर नारळ खवावा तशा खरवडतो, आणि पहिल्या ठोक्यावर सगळे वादक एकदम वाजवून पुढे भरपूर जागा सोडतात. पाय त्या जागेत टाकायचे. तिसरं संथ, सोल म्हणतात त्या प्रकारचं. बाईला नवऱ्याने सोडलंय, पण ती रडत नाही, हिशेबच मागते, आणि मागच्या बायका तिची ओळ उचलून धरतात, तुमच्या भजनात टाळकरी धरतात तशीच. शब्द मला कितीतरी वर्षांनी कळले. त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं, अप्पा? आणि शेवटचं निव्वळ डिस्को, व्हायोलिनं वर वर चढत जातात आणि खाली ढोल एकदासुद्धा चुकत नाही. मांडवात वाजलं ते यादीतलं पहिलं. त्याच्यावरच मी नाचणार आहे, आणि तुमच्या वेळच्या दोन काकू जिवंत आहेत, त्यांना पुढच्या रांगेत बसवणार आहे.

इतकं ठणकावून लिहिलं, तर हेही लिहायला हवं. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. बुऱ्हाणपूरच्या सासरी मला कोणी कधी अडवलं नाही, उलट प्रत्येक वरातीत नवरा हात धरून ओढायचा, आणि मी म्हणायचे, "आमच्या अप्पांना चालत नसे." लोक तुम्हाला कडक समजत राहिले आणि मी खुर्चीत बसून राहिले. खरं कारण वेगळंच होतं. तेव्हाच्या त्या दोन मिनिटांत मी छान नाचले होते असं मला वाटतं, आणि पुन्हा उठले आणि तसं जमलं नाही तर, याची भीती वाटायची. काल स्वयंपाकघराचं दार लावून ते गाणं लावलं आणि अर्ध्यातच बंद केलं. गुडघे ठीक होते. रविवारी पाय अडले तर ते माझे अडले असतील. तुमचं नाव सांगणार नाही.