‘आलो’ हा कोणता काळ

३ जानेवारी १९७७, सोमवार

पानं चार. नवे शब्द तेवीस! डोकं भणभणलं.

पद्माला जाऊन महिना झाला. तिचं पुस्तक आजपासून वाचायला घेतलं. इंग्रजी कादंबरी आहे, जुनी, नावाजलेली. शनिवारच्या बायकांच्या वर्गासाठी मधू मास्तरांनी तिला दिली होती. म्हणाले होते, एवढी वाचली की व्याकरण आपोआप येईल. एकूण चारशे दोन पानं. ती तीनशे अकरापर्यंत पोचली होती. तिथं एसटीचं तिकीट घातलंय, सातारा ते सांगली. लेकीकडे, उमाकडे गेलो होतो तेव्हाचं.

पुढची पानं उलटायची नाहीत असं ठरवलंय. मोजणी खात्यात तीस वर्षं काढली. जमीन मोजायची साखळी पहिल्या खुंटापासूनच धरायची.

४ जानेवारी, मंगळवार

पानं दोन. ‘सीज’ म्हणजे वेढा.

९ जानेवारी, रविवार

तिची पद्धत आता कळली. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ, बाजूला इंग्रजीतच अर्थ, आणि प्रकरण संपलं की कोऱ्या जागेत मास्तरांच्या धड्यावरची स्वतःची वाक्यं. पुस्तकात मराठी अक्षर एकही नाही. तसा तिचा नियमच होता. ‘मराठी लिहिलं की डोकं मराठीतच बसून राहतं,’ म्हणायची. मी हसायचो. ‘आता काय, राणीला पत्र लिहिणार का?’

वाक्यं सगळी घरातलीच. पहिल्या प्रकरणाखाली — ‘द मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर.’ दूध उतू गेलं आहे. वाचलं आणि तेवढ्यात वास आला. धावलो. निम्मं पातेलं शेगडीवर!

माझं दूध नेहमीच उतू जातं. तिला ते माहीत होतंच.

(इंग्रजी वाक्यं इथं मराठी अक्षरांत उतरवतो आहे. माझं इंग्रजी अक्षर तिच्यासारखं वळणदार नाही.)

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. यंदा सण नाही. तरी साळूबाईनं भांडी घासायला येताना पदरात तिळगूळ आणला. ‘घ्या तात्या, ग्वाड बोला. बोला तरी! धा-बारा दिस झालं, तुमी त्या पुस्तकाशीच बोलताय.’

प्रकरण तिसरं. गोष्ट एका किल्ल्याची आहे. किल्लेदार लढाईवर गेलाय, त्याची बायको रोज बुरुजावर दिवा लावते. मागच्या दारातून अजिंक्यतारा दिसतो. वाचताना वर बघायची सवय लागली आहे.

प्रकरणाखाली — ‘ही इज लुकिंग फॉर हिज ग्लासेस.’ मी तेव्हा चष्माच शोधत होतो. कपाळावर होता.

१५ जानेवारी, शनिवार

साळूबाई केर काढता काढता म्हणाली, ‘पेन्सिलीला टोक कोन काढतंय वो रोज? भुगा निघतोय खुर्चीखाली. ल्हान पोरागत!’

मी शाईच्या पेनानं लिहितो. पेन्सिल घरात एकच आहे, पद्माची. खिडकीजवळ तिची वेताची खुर्ची आहे, त्यावरच्या फळीवर. खाली घेतली, फुटपट्टीनं मोजली. सव्वातीन इंच. नोंद करून ठेवतो.

२२ जानेवारी, शनिवार

उमा सांगलीहून आली. जावईबापूंनी विश्रामबागेत माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे.

‘तात्या, इथं एकट्यानं काय करता? बाजरीची भाकरी येते का तुम्हाला?’

‘येते. गोल येत नाही.’

हसली, मग रडली. म्हणाली, ‘आईला शेवटी त्रास नाही ना झाला? तुम्ही जवळच होता, तेवढंच बरं वाटतं मला.’

मी हो म्हणालो. पुस्तक संपलं की येईन, असं कबूल केलं.

पुस्तक संपवायचं एवढ्यासाठीच नाही. त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत तिनं त्यात काही लिहिलं का, ते मला बघायचंय. तीनशे अकराव्या पानावर. सरळ उघडून बघता येईल. पण इंग्रजी नीट न येता बघितलं आणि चुकीचा अर्थ लावला तर?

खरं म्हणजे धीर होत नाही.

१ फेब्रुवारी, मंगळवार

पान १६८. प्रकरणाखाली — ‘द क्लॉक हॅज स्टॉप्ड.’

मान वर केली नाही. आधी पुस्तक मिटलं, उठून पाणी प्यालो, मग बघितलं. घड्याळ बंद. तीन वीस.

किल्ली द्यायची राहिली असेल. किल्ली तीच द्यायची. ती गेल्यावर मी रविवारी देतो. या रविवारी दिली की नाही, आठवत नाही.

तीन वीसलाच मी आत गेलो होतो त्या दिवशी.

५ फेब्रुवारी, शनिवार

पेन्सिल — तीन इंच. दोनदा मोजली. मी हात लावलेला नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार

पुस्तक घेऊन मधू मास्तरांकडे गेलो. वर्तमानकाळातली तिची वाक्यं आता संपली, दोनशे पानांपुढं भविष्यकाळ सुरू झालाय. ‘ही विल फरगेट टु शेव्ह.’ ‘ही विल टेक माय बुक टु द मास्टर.’ तो माझं पुस्तक मास्तरांकडे नेईल. हे वाक्य काल वाचलं. पुस्तक त्यांच्याकडे न्यायचं मी आधीच ठरवलं होतं! आधीच, की वाचल्यावर? आता सांगता येत नाही.

मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. ‘धडा मीच दिला होता, तात्या. भविष्यकाळाची वीस वाक्यं. आता घरातल्या बाईनं वाक्यं करायची ती कुणावर करायची? नवऱ्यावर! पण तुमच्या मंडळींनी इंग्रजीला चांगलं वठणीवर आणलं होतं हो. एकच चूक जाता जाईना.’ त्यांनी माझी वाचून झालेली पानं उलटून दाखवली. तीन-चार ठिकाणी ‘आय ॲम कमिंग’ लिहिलेलं, त्यावर मास्तरांची लाल शाई — ‘आय ॲम गोइंग’.

‘वर्ग सुटला की दारात चप्पल घालताना म्हणायच्या, सर, आय ॲम कमिंग. मी म्हणायचो, अहो बाई, तुम्ही चाललात! तर म्हणायच्या, निघताना ‘जाते’ म्हणू का मी? अभद्र. बोलणार ‘येते’च, मग इंग्रजीत बोलू नाहीतर फारशीत.’

मग मास्तर स्वतःशीच हसले. ‘आपली भाषाच तशी. निघालेली बाई म्हणते ‘येते’. आणि जागचा न हललेला बाप्या म्हणतो ‘आलो’! चक्क भूतकाळ. आय केम. इंग्रज बिचारा दाराकडे बघत बसेल.’

मला हसू आलं नाही. चहा अर्धा टाकून उठलो. दारात ‘येतो’ म्हणालो की नाही, आठवत नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकतो. हे कुणी वाचणार नाही.

तीस नोव्हेंबर. दुपार. मी बाहेरच्या खोलीत, रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन. ती आत, खुर्चीत, हे पुस्तक घेऊन. आतून हाक आली — ‘अहो, जरा येता का?’

मी म्हणालो, ‘आलो.’

वाटलं, शब्द अडला असेल. रोजच अडायचा. मी रोजच म्हणायचो, डिक्शनरीत बघ. एक षटक झालं. दुसरं झालं. आत काहीतरी टिक करून पडलं. मी पुन्हा ‘आलो, आलो’ म्हणालो. उठलो नाही. विकेट पडली, मग उठलो.

पेन्सिल फरशीवर होती. ती खुर्चीत. मान खिडकीकडे.

उमाला सांगितलं, मी जवळच होतो. लांब नव्हतोच — मधे एक उंबरा. मोजलं तर अकरा फूट.

तिला ‘आलो’ ऐकू गेलं का? छातीत कळ आली म्हणून बोलावत होती, की नुसता शब्द विचारायला? एवढंच कळलं तर बस.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

समोर ऊन येत होतं म्हणून आज पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. पान २९०. प्रकरणाखाली — ‘ही विल बी सिटिंग इन माय चेअर.’

उठलो. पुस्तक मिटलं.

तेवढ्यात साळूबाई मागच्या दारातून भांडी घेऊन आत आली. माझ्याकडे बघून थबकली. ‘तुमी व्हय! मला वाटलं...’

‘काय वाटलं?’

‘काय न्हाई.’

‘सांग ना.’

‘आवं, बाईसाब बसायच्या तसं कोनतरी बसलेलं दिसलं खिडकीतनं. हिरवं लुगडं. म्हनलं पाव्हणी आली असंल.’ मग भांडी आदळत म्हणाली, ‘तात्या, लेकीकडं जावा तुमी. मी रागानं बोलत न्हाई. पर आता मी पुढल्या दारानंच येनार.’

माझं धोतर पांढरं आहे. सदराही.

२८ फेब्रुवारी, सोमवार

तीनशे अकरा.

आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, मग उघडलं. तिकीट काढून बाजूला ठेवलं. पान अर्ध्यापर्यंत नुसतं छापील. मग एका शब्दाखाली रेघ — ‘व्हिजिल’. अर्थ लिहिलेला नाही. डिक्शनरी काढली. जागं राहून वाट पाहणं.

म्हणजे हाच शब्द अडला होता! हाच विचारायला बोलावत होती. कळ नव्हती. निदान त्या वेळी नव्हती.

आणि तळाशी, तिच्याच अक्षरात, थोडं तिरकं — ‘ही सेज ही केम.’

तो म्हणतो, तो आला.

ऐकलं होतं तिनं. ऐकून त्याचं वाक्य केलं. हसली असेल. माझ्या ‘आलो’चा भूतकाळ करून मास्तरांना दाखवायचा असेल शनिवारी.

खूप वेळ रडलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा. छाती हलकी झाली.

६ मार्च, रविवार

पुस्तक संपलं. चारशे दोन. तीनशे अकराच्या पुढं तिची रेघ कुठंच नाही. पानं स्वच्छ. सगळे शब्द मीच शोधले. किल्लेदार शेवटी येतो. उशिरा येतो. वेढा उठलेला, दरवाजा उघडा, बुरुजावर दिवा जळतोय, आणि दिव्याजवळ कुणी नाही.

मिटणार होतो. पुठ्ठ्याच्या आतलं कोरं पान तेवढं राहिलं होतं. तिथं मधोमध — ‘आय ॲम कमिंग.’

 दाराकडे बघत बसलो, मास्तरांच्या इंग्रजासारखा. किती वेळ ते कळलं नाही. घड्याळ बंदच आहे.

मग उलगडलं. ही तिची नेहमीची चूक! ‘येते’ म्हणतेय ती. निरोप घेतेय. शेवटचं पान बघायचा मोह तिलाही आवरला नसेल, कधीतरी आधीच लिहून ठेवलं असेल. पुस्तक संपलं की मास्तरांना परत करताना म्हणायला.

असंच असणार.

८ मार्च, मंगळवार

सामान बांधलं. उमा न्यायला आली. साळूबाई पाया पडली, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, ‘तिकडं जाऊन दूध तापवू नका म्हंजे झालं.’

उमा रिक्षा बघायला गेली तेव्हा पुस्तक उघडलं. तिच्या वाक्याखाली मीही एक लिहिलं. तिच्याच पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरात. पंधरा वर्षांच्या पोराला जमेल तेवढंच इंग्रजी — ‘आय केम.’

आलो. चूक आहे हे आता कळतं. तरी तेच लिहिलं. तिला कळेल.

पुस्तक ट्रंकेत तळाशी घातलं. पेन्सिल तिथंच फळीवर ठेवली. ट्रंकेला कुलूप, किल्ली जानव्याला. दार ओढून घेताना ‘येतो’ म्हणालो. मोठ्यानं. उमानं वळून बघितलं.

इस्लामपूरला गाडी थांबली तेव्हा उमानं ऊस घेतला. आष्टा येईतो मला झोप लागली. शांत झोप.

१० मार्च, गुरुवार. सांगली

ट्रंक आज उघडली. किल्ली जानव्यालाच होती, आंघोळीतसुद्धा काढली नव्हती. पुस्तक तळाशी, ठेवलं तसंच.

माझ्या ‘आय केम’वर रेघ मारली आहे. खाली पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात, त्या सबंध पुस्तकातलं पहिलंच मराठी —

‘अजून नाही आलात.’